पाठीवरचे पोते आणि पाठ्यपुस्तक

पुण्याच्या मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्या हमालाचा मुलगा शाळेत इतिहास शिकतो. पण त्या इतिहासात त्याचा बाप कुठे असतो? हा प्रश्न भावनेचा नव्हे, अभ्यासक्रमाचा आहे.

अमेरिकेत तो १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिन व मूलनिवासी विद्यार्थ्यांनी विचारला. त्यांनी कित्येक महिने संप केला, आणि १९६९ मध्ये उपेक्षित समाजांच्या अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय तेथे उभे राहिले.

आपल्याकडे हे नाते त्याहून जुने आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांनाच.

हमालांच्या अभ्यासाची साधने तर हाताशी आहेत. बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत आणि १९६९ चा माथाडी कायदा हे समाजशास्त्राचेच धडे होत. कोण कोणत्या गावातून, कोणत्या जातीतून, कोणत्या दुष्काळात येथे आला, हे विद्यार्थ्यांनी स्वतः विचारून लिहावे.

अशाने समाजात फूट पडेल, असे काहीजण म्हणतील. परंतु भेद पुस्तकाने निर्माण होत नाहीत. मुलाला ते आडनावावरून आधीच कळलेले असतात. ते का निर्माण झाले आणि कसे मोडता येतील, एवढेच त्याला कुणी सांगितलेले नसते. शाळेने गौरवगाथा गाऊ नये. पुरावे तपासायला शिकवावे. ज्या वर्गात बापाच्या कष्टाला ज्ञानाचे स्थान मिळते, तेथे मुलगा मान खाली घालून बसत नाही.