चाकांवरचं बिऱ्हाड, स्लोव्हेनियाच्या डोंगरांत

स्लोव्हेनिया हा देश २०,२७१ चौरस किलोमीटरचा, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडासा मोठा. तेवढ्यात ज्युलियन आल्प्सचे डोंगर आहेत, २,८६४ मीटर उंचीचं त्रिग्लाव्ह शिखर आहे, हिमनद्यांनी कोरलेली तळी आहेत, जमिनीखाली लांबच लांब गुहा आहेत आणि नैर्ऋत्येला जेमतेम ४७ किलोमीटरचा समुद्रकिनाराही आहे. राजधानी ल्युब्लियानाहून ब्लेडचं तळं सुमारे ५५ किलोमीटरवर, तर दुसऱ्या दिशेला समुद्रकाठचं पिरान सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मुलं कंटाळायच्या आत मुक्काम येतो. कुटुंबाने कॅम्परव्हॅन घेऊन हिंडावं, असा हा देश आहे. म्युनिकहून निघालं तर ल्युब्लियाना साधारण चारशे किलोमीटर, त्यामुळे तिकडे नोकरीला असलेल्या मराठी कुटुंबांना तो दिवसभराच्या टप्प्यात आहे. भारतातून जाणाऱ्यांनी ल्युब्लियानातच गाडी भाड्याने घ्यावी.

घरात पाणी, वीज, गॅस आणि संडास यांची व्यवस्था भिंतीआड आणि जमिनीखाली असते. कॅम्परव्हॅनमध्ये यातल्या प्रत्येकाची टाकी किंवा बॅटरी आपल्यासोबत फिरते आणि ती भरणं, रिकामी करणं आपल्याच हातात असतं. हे नीट समजून घेतलं की बाकीचा प्रवास सोपा जातो. त्यातही पाणी मुख्य. या देशात तर ते जास्तच मुख्य, का ते पुढे येईल.

आधी गाडी. बंद डब्यासारख्या व्हॅनमध्ये घर बसवलेला प्रकार साधारण सहा मीटर लांब आणि अडीच ते पावणेतीन मीटर उंच असतो. चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली मोठी मोटारहोम तीन मीटरच्याही वर जाते. गाडी ताब्यात घेताच तिची उंची एका कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. पार्किंगच्या तोंडाशी आडव्या लावलेल्या दांड्या आणि झाडांच्या फांद्या छताला लागतात, आणि छताचं नुकसान बऱ्याच भाडेकरारांत विम्याच्या बाहेर असतं. दुसरी गोष्ट, झोपायच्या जागा आणि पट्टा लावून बसायच्या जागा वेगळ्या मोजायच्या. चार जण झोपू शकतात म्हणून चौघांना प्रवासात बसता येतंच असं नाही, आणि धावत्या गाडीत पलंगावर कुणीही आडवं व्हायचं नाही. दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना बालआसन लागतं. ते गाडीतल्या सीटवर बसतं की नाही, हे निघण्याआधीच बसवून पाहावं.

वजनाचाही विचार करायचा. साध्या कारच्या परवान्यावर चालवता येणाऱ्या या गाड्यांना एकूण ३,५०० किलोची मर्यादा असते आणि रिकामी गाडीच त्यातला बराचसा वाटा खाते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात चार माणसं, सायकली, तांदळाची पिशवी आणि कुकर आले की उरलेली जागा लवकर भरते. म्हणून लांबच्या पल्ल्याला टाकी अर्धीच भरून निघावं आणि कॅम्पवर पोचल्यावर पूर्ण भरावी.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. तो एक वर्ष चालतो. स्लोव्हेनियाच्या महामार्गांवर साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांसाठी टोलनाके नाहीत. २०२२पासून गाडीच्या नंबरावर ऑनलाइन नोंदवली जाणारी ई-विन्येता, म्हणजे टोलचा पास, लागते आणि ती आठवडा, महिना किंवा वर्षासाठी मिळते. उंच व्हॅनला महागडा वर्ग लागत असला, तरी राहण्याच्या कॅम्परव्हॅन उंची कितीही असली तरी कारच्याच वर्गात, म्हणजे २एमध्ये मोडतात. खरेदी करताना चुकीचा वर्ग निवडू नका. ऑस्ट्रियातून आलात तर तिथली विन्येता वेगळी, आणि सीमेवरच्या जवळजवळ आठ किलोमीटर लांबीच्या कारावांकेन बोगद्याचा टोलही वेगळा. गाडी उजव्या बाजूने चालवायची आणि दिवसाही दिवे लावलेले ठेवायचे. वेगमर्यादा वस्तीत ५०, वस्तीबाहेर ९० आणि महामार्गावर १३०. कॅम्परव्हॅनला १३०ची घाई नको. वाऱ्याच्या झोताने उंच गाडी हलते.

आता घराची यंत्रणा. स्वच्छ पाण्याची टाकी बहुधा शंभर लिटरच्या आसपास असते. १२ व्होल्टचा छोटा पंप ते पाणी सिंक, बेसिन आणि शॉवरपर्यंत पोचवतो. पंपाचा खटका बंद असेल तर नळाला पाणी येत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पहिल्या दिवशीची निम्मी धांदल वाचते. सिंक आणि शॉवरचं वापरलेलं पाणी गाडीखालच्या सांडपाण्याच्या टाकीत जमतं. संडासाचं मात्र या टाकीत जात नाही. त्याखाली सतरा ते वीस लिटरची बंद पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. ती बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची, चाकांवर ढकलत कॅम्पमधल्या ठरलेल्या जागी न्यायची, ओतून खळखळून धुवायची आणि आत औषधी द्रव टाकून परत बसवायची. चौघांच्या कुटुंबाला हे साधारण एका दिवसाआड करावं लागतं. काम घाणेरडं वाटतं, पण पाच मिनिटांचं आहे. हातमोजे ठेवा आणि कॅसेट भरल्याचा दिवा लाल होण्याची वाट पाहू नका. नळ सोडून चौघांनी गाडीतच अंघोळ केली तर टाकी एका सकाळीच संपते. त्यामुळे अंघोळ कॅम्पच्या न्हाणीघरात आणि गाडीतलं पाणी स्वयंपाकाला, हा नियम बरा.

वीज दोन प्रकारची. दिवे आणि पंप १२ व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर चालतात आणि ती गाडी धावताना चार्ज होते. कॅम्पवर निळ्या तीन पिनांच्या प्लगाने खांबावरून २३० व्होल्टची वीज घेतली की भिंतीतले सॉकेट चालू होतात. पण खांबावर किती अँपिअर आहेत ते विचारून घ्या. दोन हजार वॉटची किटली जवळजवळ नऊ अँपिअर ओढते. खांब सहाचा असेल तर ती लावताच खटका पडतो आणि फ्रीजही बंद होतो. गॅस मुख्यतः शेगडीला, आणि बऱ्याच गाड्यांत हिटर व फ्रीजलाही लागतो. डोंगरात प्रोपेनची टाकी असलेली बरी. ब्युटेनचा शून्याच्या जवळपास वायू होणं थांबतं, प्रोपेनचा उणे ४२ अंशांपर्यंत होतो. गॅसवर चालणारा फ्रीज तिरका ठेवला तर नीट थंड होत नाही, म्हणून चाकांखाली प्लॅस्टिकच्या पाचरी सरकवून गाडी सपाट करायची. मुलांना हे काम द्या; वाटीत पाणी ठेवून ते पातळी बघतात.

आता पाणी इथे इतकं महत्त्वाचं का, ते. स्लोव्हेनियाचा मोठा भाग चुनखडीच्या खडकावर वसलेला आहे. मातीतून झिरपताना पाणी हळूहळू गाळलं जातं. चुनखडीत तसं होत नाही. पावसाचं पाणी फटींतून सरळ खाली उतरतं, भुयारांतून वाहतं आणि कित्येक किलोमीटर दूर झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. वाटेत ते गाळलं जात नाही. पोस्टोयनाजवळ पिव्का नदी सर्वांसमक्ष गुहेत शिरते आणि प्लानिनाच्या बाजूला उनिका नावाने बाहेर पडते. जवळच त्सेर्कनित्साचं तळं आहे. पावसाळी दिवसांत ते पंचवीस चौरस किलोमीटरहून जास्त पसरतं आणि कोरड्या दिवसांत जमिनीतल्या भोकांतून सगळं पाणी निघून गेलं की तिथे गवत उगवतं. याच अंधाऱ्या पाण्यात प्रोटिअस हा आंधळा, फिकट गुलाबी उभयचर राहतो. पोस्टोयनात तो मुलांना जिवंत पाहता येतो. अशा जमिनीवर रस्त्याकडेला सांडपाण्याचा नळ सोडला तर साबण आणि तेल थेट कुणाच्या तरी झऱ्यात जातं. २०१६ साली या देशाने पिण्याच्या पाण्याचा हक्क राज्यघटनेत लिहिला. नळाचं पाणी निर्धास्त पिता येतं, बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. आपण टाकी भरतो ते हेच पाणी. म्हणून कॅम्पवरच्या ठरलेल्या जागेशिवाय कुठेही सांडपाण्याची टाकी सोडू नये, अगदी थेंब गळत असला तरी झाकण घट्ट करून ठेवावं.

रात्रीचा नियमही याच्याशी जोडलेला आहे. स्लोव्हेनियात वाटेल तिथे गाडी लावून राहणं बेकायदा आहे आणि दंड होतो. त्रिग्लाव्ह राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे देशाच्या सुमारे चार टक्के भूभागावर, वनरक्षक याकडे विशेष लक्ष ठेवतात. त्यामुळे रोजचा मुक्काम कॅम्पवर किंवा मोटारहोमसाठी राखलेल्या थांब्यावर करायचा. जुलै-ऑगस्टमध्ये ब्लेड आणि बोहिन्य या तळ्यांकाठच्या कॅम्पवर जागा आधीच नोंदवलेली हवी.

ब्लेडला मोटरबोटींना बंदी आहे. बेटावर जायला प्लेत्ना ही वल्ह्याची नाव घ्यावी आणि किनाऱ्यावर क्रेमश्निता हा क्रीमचा जाड चौकोनी केक खावा. मला विचाराल तर कुटुंबाने ब्लेड एका दिवसात उरकून उरलेला वेळ बोहिन्यला द्यावा. तळं मोठं, गर्दी कमी, आणि वरच्या टोकाला साविका धबधबा ७८ मीटरवरून कोसळतो. त्याचं पाणी तळ्यात येतं, तिथून सावा नदीत, आणि बेलग्रेडला डॅन्यूबला मिळून शेवटी काळ्या समुद्रात.

डोंगरापलीकडची सोचा नदी मात्र एड्रियाटिक समुद्राला मिळते. सावा आणि सोचा या दोघींच्या मधली खिंड म्हणजे व्हर्शिच, १,६११ मीटर. आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस एका बाजूने अरबी समुद्राला आणि दुसऱ्या बाजूने बंगालच्या उपसागराला जातो, तसंच इथे आहे. क्रान्स्का गोराहून चढताना २४ आणि त्रेंताकडे उतरताना २६ अशी ५० हेअरपिन वळणं आहेत, आणि प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे. चढाच्या बाजूच्या वळणांवर दगडी फरशी आहे, ती पावसात निसरडी होते. हा रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला गेला. मार्च १९१६मध्ये हिमकडा कोसळून त्यातले अनेक जण गेले. आठव्या वळणाजवळ त्यांच्या सोबत्यांनी बांधलेलं लाकडी चर्च आहे. तिथे थांबा आणि मुलांना हे सांगा.

घाटात चालवायची रीत आपल्याला परकी नाही: चढताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय रोवून ठेवायचा नाही. नवीन आहे ती गाडीची शेपटी. मागच्या चाकांच्या मागे आलेला तिचा भाग वळताना बाहेरच्या बाजूला झुलतो आणि कठड्याला किंवा शेजारच्या गाडीला घासू शकतो. सायकलस्वार भरपूर असतात. मागे रांग लागली तर बाजूला थांबून वाट द्यावी. सहा मीटरची व्हॅन सकाळी लवकर निघून इथून आरामात जाते. मोठी मोटारहोम असेल तर इटलीतल्या तार्व्हिझियोवरून प्रेदेलची कमी उंचीची खिंड धरावी आणि सोचाकाठच्या बोव्हेत्सला उतरावं. हिवाळ्यात बर्फामुळे व्हर्शिच बंद असतो.

बोव्हेत्स ते कोबारिद हा सोचाकाठ या प्रवासातला सर्वांत सुंदर टप्पा. पाणी हिरवट निळं आणि उन्हाळ्यातही बर्फासारखं थंड. मुलांनी काठावर पाय बुडवावेत, प्रवाहात उतरू नये. ऑक्टोबर १९१७मध्ये कोबारिदला इटालियन सैन्याचा मोठा पराभव झाला. तिथलं युद्धसंग्रहालय जाणत्या मुलांना जरूर दाखवा.

जेवणाचं एक सांगायला हवं. युरोपीय संघाबाहेरून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा घरीच ठेवायचा. ताजी फळंभाजी प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, त्यामुळे आंबाही नाही. नारळ, केळी, अननस आणि खजूर मात्र चालतात. डाळ, तांदूळ, मसाले, चटण्या न्या. शेगडीला दोन-तीनच बर्नर असतात, तेव्हा छोटा कुकर सोन्यासारखा. फोडणी देताना छताची खिडकी उघडा, नाहीतर गाद्यांना वास धरतो. शाकाहाऱ्यांनी बाहेर श्त्रुक्लीचे गोड किंवा चीजचे उकडलेले रोल आणि बोव्हेत्सचं मेंढीच्या दुधाचं चीज चाखावं.

पिरानच्या जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना प्रवेश नाही. कॅम्परव्हॅन बाहेर ठेवून चालत जावं. गाडी परत देताना मालक सांडपाण्याची टाकी आणि कॅसेट रिकामी आहे का ते तपासतात, नसेल तर जास्तीचे पैसे लावतात. हे काम शेवटच्या कॅम्पवरून निघतानाच करून टाका, शहरात तशी जागा सापडायला वेळ जातो. आणि तारखा तुमच्या हातात असतील तर जून किंवा सप्टेंबर निवडा: खिंड उघडी असते आणि कॅम्पवर जागा मिळते.