देवाविना प्रतिज्ञा (लेखांक ७)

केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेचा खटला या आठवड्यात घ्यायचा होता, तो पुढे ढकलतो. मागच्या लेखांकानंतर औंढा नागनाथहून एका शिक्षक वाचकांनी जो प्रश्न पाठवला आहे, तो त्या खटल्याच्या आधी सोडवायला हवा. त्यांचं म्हणणं असं: परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, बोधकथा आणि शेवटी पसायदान हे सगळं सलग होतं. मुलांच्या लेखी ते एकच असतं. मग प्रार्थना वेगळी आणि प्रतिज्ञा वेगळी असा कीस काढून काय साधणार? आज एका पालकाने प्रार्थनेला हरकत घेतली, तर उद्या दुसरा प्रतिज्ञेला घेईल. त्याला काय उत्तर द्यायचं? माझं उत्तर असं की, या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत, तो वेगळेपणा जपला तरच प्रतिज्ञेचा मान राहतो आणि दुसऱ्या पालकालाही देण्याजोगं उत्तर आपल्याकडे आहे.

प्रतिज्ञा कुठून आली ते आधी पाहू. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ मध्ये, चीनशी युद्ध झालं त्या वर्षी, तेलुगूत लिहिली. ते विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते. पुढल्या वर्षी ती तिथल्या शाळांत म्हटली जाऊ लागली. १९६४ मध्ये केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक बंगळूरला झाली. अध्यक्ष होते तेव्हाचे शिक्षणमंत्री आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. देशभरच्या शाळांत ती म्हटली जावी असं तिथे ठरलं आणि २६ जानेवारी १९६५ पासून तसं सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर ती पिढ्यानपिढ्या छापली जाते, लेखकाचं नाव मात्र सहसा नसतं. हे मला फार खटकतं, कारण या गृहस्थांनी जे केलं ते साधं नव्हतं. युद्धाच्या वर्षात, एका सश्रद्ध देशातल्या मुलांसाठी निष्ठेचा मजकूर लिहिताना त्यांनी त्यात देवाला साक्षीला बोलावलं नाही, शत्रूचं नाव घेतलं नाही आणि कोणा नेत्यापुढे मान झुकवायला लावली नाही. देश आहे, देशबांधव आहेत, विविधतेने भरलेली परंपरा आहे, आईवडील, गुरुजन आणि वडीलधारी माणसं आहेत. निष्ठा वाहिली आहे ती देश आणि त्यातल्या माणसांना. मोठ्यांच्या शपथेत आपल्या संविधानाने दोन वाटा ठेवल्या आहेत. तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे मंत्री किंवा खासदार ईश्वराला स्मरून शपथ घेऊ शकतो किंवा नुसतं गांभीर्यपूर्वक दृढकथन करू शकतो. सुब्बारावांच्या मजकुरात मुलांवर ही निवड करायची वेळच येत नाही.

मराठवाड्यातल्या वाचकांना याचं मोल अधिक कळावं. सुब्बारावांचा जन्म १९१६ चा, नलगोंडा जिल्ह्यातल्या अन्नेपर्तीचा, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. औंढ्याचा आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणी जिल्ह्याचा भाग होता आणि तोही त्याच संस्थानात. त्या काळी शाळांतून जे राज्यगीत गायलं जाई, ते जगाच्या निर्मात्याला केलेली विनवणी होती: हे राज्य अंतापर्यंत टिको, उस्मान अली खान वैभवाने सुरक्षित राहो. देव, राज्य आणि राजा एकाच सुरात बांधलेले. त्या गीतात दोष होता तो कोणा एका धर्माचा नव्हता. ब्रिटिशांचं राजगीतही देवाकडे राजाचंच रक्षण मागत असे. निष्ठेला देवाची मोहोर लागली की निष्ठेला नकार म्हणजे देवालाच नकार ठरतो आणि राज्यकर्त्याला हवी असते ती नेमकी हीच सोय. १९३८ मध्ये औरंगाबादच्या महाविद्यालयात आणि मग हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणायला सुरुवात केली, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यावर बंदी घातली. विद्यार्थी संपावर गेले, त्यांची नावं कमी झाली, अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच. आमची प्रार्थना आम्ही ठरवू, एवढंच त्या मुलांचं म्हणणं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी काँग्रेस कार्यकारिणीने, पुढच्या कडव्यांतल्या देवीप्रतिमेवर मुस्लिमांचा आक्षेप लक्षात घेऊन, सभांमध्ये या गीताची पहिली दोनच कडवी म्हणावीत असं ठरवलं होतं. म्हणजे ज्या गाण्यासाठी उस्मानियाची मुलं विद्यापीठ सोडून गेली, तेच गाणं दुसऱ्या कोणाच्या श्रद्धेच्या आड येत होतं, आणि दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते.

आता कठीण भाग. प्रतिज्ञेत देव नाही, म्हणून ती कोणाच्याही श्रद्धेला बोचणार नाही असं मानणं चुकीचं आहे. काही पंथांच्या लेखी पूजेइतकी निष्ठा देवाखेरीज कोणालाच वाहता येत नाही. देवाचं नाव नसलेली शपथही त्यांना अडते. अमेरिकेत यहोवाचे साक्षीदार पंथाच्या मुलांनी ध्वजाला सलामी नाकारली, तेव्हा तिथल्या ध्वजनिष्ठेच्या शपथेतही देव नव्हता. तो १९५४ मध्ये आला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये सक्ती उचलून धरली, त्यानंतर या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले आणि तीनच वर्षांत, १९४३ मध्ये, न्यायालयाने आपलाच निर्णय फिरवला. तोही महायुद्ध ऐन भरात असताना. आपल्याकडे याच पंथाची तीन भावंडं केरळात कोट्टायम भागातल्या शाळेत शिकत. राष्ट्रगीताला ती रोज आदराने उभी राहत, पण गात नसत. १९८५ च्या जुलैत एका आमदाराच्या हे नजरेस आलं, विधानसभेत प्रश्न निघाला, चौकशी झाली. मुलं सुस्वभावी आहेत, राष्ट्रगीताचा त्यांनी कधीच अनादर केलेला नाही, असाच चौकशीचा निष्कर्ष होता. तरी २६ जुलैला त्यांना शाळेतून काढलं. सर्वोच्च न्यायालयात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांना परत घ्यायला लावलं. त्यातला शिक्षकांनी ध्यानात ठेवावा असा मुद्दा हा की, राष्ट्रगीत गायलाच हवं असा कायदा नाही आणि शिक्षण खात्याच्या परिपत्रकाने मूलभूत हक्क आखडता येत नाही. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाबद्दलचा १९७१ चा कायदा राष्ट्रगीतात मुद्दाम अडथळा आणणाऱ्याला शिक्षा सांगतो. गप्प उभं राहणं म्हणजे अडथळा नव्हे. निकाल राष्ट्रगीताचा आहे, पण त्यातलं तर्कशास्त्र प्रतिज्ञेला जसंच्या तसं लागू पडतं, असं मी मानतो. औंढ्याच्या वाचकांच्या त्या दुसऱ्या पालकाला द्यायचं उत्तर हेच आहे: तुमचं मूल आदराने उभं राहील, त्याला हात पुढे करायला किंवा बोलायला कोणी लावणार नाही.

आपल्या राज्यातलं उदाहरण नाशिकचं. तिथल्या एका माध्यमिक शाळेतले शिक्षक प्रार्थनेला शिस्तीत उभे राहत, पण हात जोडत नसत. शाळेने ती बेशिस्त मानली आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली. हात जोडायची सक्ती म्हणजे मूलभूत हक्काचा भंग, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. भक्तीची मुद्रा ठरवून देण्याचा आग्रह किती पोकळ असतो, हे औंढ्यात वेगळं सांगायला नको. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांना नामदेवांनी हटकलं, तेव्हा देव जिथे नसेल तिथे पाय उचलून ठेव म्हणाले, अशी कथा आहे. पाय नेतील तिथे पिंड उभी राहिली आणि नामदेवांना गुरू मिळाला. ज्या गावच्या देवळात ही कथा घडली असं आपण मानतो, तिथे जोडलेल्या हातांवरून कोणाच्या मनातला आदर मोजावा, हे मला पटत नाही.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. सूट दिली की सगळेच सूट मागतील, हा पहिला. पण १९८६ चा निकाल लागून किती वर्षं लोटली, राष्ट्रगीत गाणाऱ्या शाळा ओस पडल्या नाहीत. मूल अजाण असतं, नकार त्याचा नसून आईबापांचा असतो, हा दुसरा. खरं आहे, म्हणूनच संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाचं तिसरं कलम अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेतल्या धार्मिक उपासनेसाठी अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती मागतं. शिवाय नकाराचा अर्थ ज्याला कळत नाही, त्याला होकाराचा तरी कुठून कळणार? तिसरा आक्षेप वजनदार आहे: या भागाने रझाकारांचा काळ सोसला, देशावरचं प्रेम इथे रक्त सांडून मिळवलेलं आहे, त्याच्या बाबतीत ढिलाई कशी चालेल? या भावनेपुढे मी नम्र आहे. पण १९३८ च्या त्या विद्यार्थ्यांकडे पुन्हा पाहावं. सत्तेने ठरवून दिलेल्या निष्ठेला त्यांनी नकार दिला आणि त्यासाठी शिक्षणाची वर्षं पणाला लावली. त्यांच्या नावाने आज एखाद्या दहा वर्षांच्या मुलाचे ओठ जबरदस्तीने हलवणं, हा त्यांच्या लढ्याचा वारसा कसा होईल?

राहिलं पसायदान. ते साऱ्या जगासाठी मागणं आहे, दुष्टांचा नाश न मागता त्यांचा दुष्टपणा जावा असं म्हणणारं, आणि मराठी मुलाने ते शिकावंच असं मला मनापासून वाटतं. त्याची जागा मात्र मराठीच्या तासाला आहे, जिथे त्याचा अर्थ विचारता येतो. परिपाठात ते डोळे मिटून, हात जोडून होतं तेव्हा ती उपासना असते, मग कवी कितीही विश्वव्यापक असो. औंढ्याच्या वाचकांना माझी सूचना एवढीच आहे की, प्रतिज्ञा आणि उद्देशिका राष्ट्रगीताला लागून घ्याव्यात, उघड्या डोळ्यांनी, आणि महिन्यातून एकदा प्रतिज्ञेतल्या एकेका वाक्यावर मुलांना बोलू द्यावं. प्रार्थना त्यानंतर थोडं थांबून, ज्याला म्हणायची त्याने म्हणावी. जिल्हा परिषदेची शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिला २८ व्या अनुच्छेदाचं पहिलं, अधिक कडक कलम लागतं. तिथे प्रार्थना मुळात असावी का, हा प्रश्न उरतोच. केंद्रीय विद्यालयांचा खटला नेमका त्यावर आहे आणि २०१९ च्या जानेवारीत तो सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मोठ्या पीठाकडे सोपवला. पुढच्या आठवड्यात तोच घेऊ.