वारीच्या वाटेवर कॅमेरा घेऊन

प्रवासात छायाचित्रे काढणे ही गोष्ट आता कोणासच नवी राहिलेली नाही. देवदर्शनास गेलेली मंडळीसुद्धा हात जोडण्यापूर्वी खिशातील फोन चाचपतात. अशा दिवसांत छायाचित्रण हा विषय घेऊन शिकणारी एक मुलगी फिल्मचे चौदा रोळ पाठीवर टाकून आळंदीहून पंढरपुरास पायी जावयास निघते, हे आमच्या घरच्या वडील मंडळींस निव्वळ खूळ वाटले. पुण्यातील आमच्यासारख्या कुटुंबांस वारी ठाऊक असते ती दोन दिवसांची. माउलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. पहाटे उठून रांगेत उभे राहावयाचे, दर्शन घ्यावयाचे, वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटावयाचे आणि जेवणाच्या वेळेस घरी परतावयाचे. त्यापलीकडची वारी आम्ही चित्रांतूनच पाहत आलो. काकांचा विरोध होता. काकू मात्र भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “जाऊ दे तिला. चाळीस वर्षं मी नुसतीच जाईन जाईन म्हणत्येय.” एवढ्यावर तो वाद मिटला.

2024 साली 29 जून रोजी माउलींच्या पालखीने प्रस्थान ठेवले. आषाढी एकादशी 17 जुलैची होती. वर्षाअखेर बारा चित्रांचा संग्रह महाविद्यालयात सादर करावयाचा होता, आणि त्यासाठी मी ‘वाटेवरच्या स्त्रिया’ हा विषय घेतला होता. डिजिटल कॅमेऱ्याच्या काळात फिल्म कशाला, असे अनेकांनी विचारले. एका रोळात छत्तीस चित्रे, चौदा रोळांची पाचशे चार. म्हणजे दिवसास सव्वीस-सत्तावीस. हा हिशेब डोक्यात असला की बटण दाबण्यापूर्वी मनुष्य थोडा वेळ पाहावयास शिकतो, इतकेच माझे उत्तर.

दिवेघाटाविषयी फारसे लिहीत नाही. घाटाच्या वळणावरून दिसणारा पताकांचा तो प्रवाह इतक्यांनी टिपला आहे, आणि आता वर घिरट्या घालणारे ड्रोनही तोच टिपतात, की मी तेथे कॅमेरा पिशवीत टाकून सरळ चढ चढले. रिंगणाची गोष्ट वेगळी. सदाशिवनगरच्या गोल रिंगणात दोन अश्व धावतात. एकावर पताकाधारी स्वार असतो. दुसरा माउलींचा, त्याची पाठ रिकामी. कर्नाटकातील अंकली येथील शितोळे सरदारांकडून हे अश्व वारीस येतात. ढगाळ संध्याकाळी धावता घोडा स्पष्ट टिपावयाचा तर सेकंदाचा हजारावा भाग पुरतो, आणि तेवढ्या प्रकाशात ते जमावे म्हणून फिल्म तिच्या अंगच्या वेगापेक्षा चौपट वेगाची मानून पुढे जास्त वेळ धुवावी लागते. घोड्याची चित्रे ठीक आली. पण घोडे निघून गेल्यावर त्यांच्या टापांखालची माती उचलून कपाळास लावण्यासाठी जी माणसे वाकतात, त्यांच्याकडे फार थोड्यांचे भिंग वळते. त्या दहा मिनिटांत मी एक पुरा रोळ संपविला.

आता ज्याविषयी मुळात लिहावयाचे आहे त्याकडे येते. लाखो माणसे रोज नव्या गावी मुक्काम करतात, तेव्हा स्त्रियांच्या स्नानाची सोय कशी होते? पहाटे तीनच्या सुमारास पाण्याच्या टँकरमागे, ओढ्यात, विहिरीच्या काठी, दोघी-तिघींनी लुगडे आडवे धरून. नीरेच्या काठी माउलींच्या पादुकांचे स्नान होते, तो सोहळा सर्वांनी पाहावा असाच असतो. पण त्याच नदीवर थोडे खाली बायका अंग धूत होत्या, आणि समोरच्या बांधावर दूरचे टिपणारी लांब भिंगे लावून काही तरुण उभे होते. मला बायकांनी आपणहून आडोशाच्या आत बोलाविले, मी मुलगी. तेथील प्रकाश मला आजही आठवतो, ओल्या लुगड्यांतून गाळून आलेला. कॅमेरा मी बाहेर काढला नाही. लुगड्याचे एक टोक धरून उभी राहिले आणि माझी पाळी आल्यावर अंघोळ केली. बांधावरच्या तरुणांशी दिंडीतील दोघे विणेकरी काय बोलले ते मला ऐकू आले नाही, पण भिंगे खाली झाली.

चेहऱ्यांची चित्रे मागून घ्यावयाची, हा नियम मी आधीच केला होता. त्याला दुसरा नियम जोडला तो सासवडला परभणी जिल्ह्यातील एका आजींनी. मी कॅमेरा उचलताच त्यांनी तोंडापुढे पदर धरला. “मागल्या साली बी एकानं काढला. धाडतो म्हनला. कुठं धाडला? नाव लिहून घे पोरी, न्हाईतर काढू नको.”

हे म्हणणे मला अगदी रास्त वाटले. आम्ही चित्रे काढणारे लोक वारीतून किती चेहरे उचलून नेतो! ते प्रदर्शनांत लागतात, दिनदर्शिकांवर छापले जातात, स्पर्धांत बक्षिसे मिळवितात. ज्याचा चेहरा त्याला मात्र त्याची वार्ता नसते. त्या दिवसापासून मी वही केली. नाव, गाव, तालुका, जिल्हा, आणि दिंडीचा क्रमांक. हा क्रमांक मोठ्या कामाचा. रथापुढे सत्तावीस दिंड्या, रथामागे कितीतरी अधिक, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. गर्दीत माणूस पुन्हा गाठावयाचे तर दिंडीचा क्रमांक हाच त्याचा रस्ता आणि घरनंबर. पंढरपुरापर्यंत वहीत अडतीस नावे झाली. चित्र रंगीत नसणार हे मी प्रत्येकीस आधीच सांगत असे. “काळापांढरा व्हय? आम्ही काय मेल्याली हाव?” असे एकीने विचारलेच.

त्या परभणीच्या आजींचे चित्र पुढे तरडगावला लिंबाच्या झाडाखाली मिळाले. त्या पाय पसरून बसल्या होत्या आणि एक सोबतीण त्यांच्या तळव्यांस तेल चोळीत होती. आजींनी डोळे मिटून मान मागे टाकली होती.

पुण्यास परतल्यावर महाविद्यालयाच्या डार्करूममध्ये रोळ धुतले. आमच्या शिक्षकांनी या चित्रावर बोट ठेवले. सोबतीण, पाय, तेलाची बाटली सारे वगळून केवळ चेहरा मोठा करावयास सांगितले. त्याप्रमाणे प्रत काढली. चित्र खरोखरीच देखणे झाले. वर्गातील सोबत्यांनी ते पाहून ‘समाधी’, ‘विठ्ठलाशी एकरूप झालेली मुद्रा’ असे उद्गार काढले. आजींकडेही तीच प्रत गेली. अडतीस पाकिटे टपालात पडली; पाच पत्ता न सापडल्याने परत आली.

पंधरा-वीस दिवसांनी आजींच्या नातवाचा फोन आला. चित्र मिळाले, आवडले, भिंतीवर लावले. मग आजींनीच फोन घेतला. “पोरी, माझ्या पायाशी बसली व्हती ती कुठं घालवलीस?”

पुऱ्या चित्राची प्रत काढली, शिक्षकांना दाखविली. चित्र म्हणून पहिलेच सरस, असे त्यांचे मत कायम राहिले, आणि रचनेच्या दृष्टीने त्यात तथ्यही आहे. बारा चित्रांत मी मात्र पुरे चित्र ठेवले, बाटलीसकट. त्यात आजी देवाचे नाव घेत नसून दुखणारे तळवे निवताहेत म्हणून डोळे मिटून बसल्या आहेत, हे कोणासही दिसते. आणि त्या दोघी एकमेकींच्या कोण, हेही.

सोबतिणीचा पत्ता मजजवळ नव्हता. तो आजींना विचारला, तर म्हणाल्या, “तिचं गाव लांब हाय. आमची गाठ वारीतच पडती. तिचा फोटू माझ्याकडंच धाड, आषाढात देते तिला.”

एका पाकिटात दोन प्रती, मध्ये पुठ्ठा घालून, दुसऱ्या दिवशी रवाना केल्या.