मुलांच्या विद्येची पुंजी

गेल्या वैशाखांत बदलापूर येथें एका आप्तांकडे मुंजीस जाण्याचा योग आला. बटु आठ वर्षांचा, मोठा तरतरीत. कार्यालय प्रशस्त, आणि मातृभोजनाचा थाट असा कीं, आमच्या लहानपणीं तो लग्नांतहि दिसत नसे. भोजनोत्तर सुपारी कातरतांना मीं यजमानांस सहज विचारलें, "मुलाच्या पुढील शिक्षणाची कांहीं तजवीज केली आहे काय?" ते हंसून म्हणाले, "मास्तर, अजून तो तिसरींत आहे. दहावी होऊं द्या, मग पाहूं." मी गप्प बसलों. हेंच उत्तर पूर्वीं मींहि एकास दिलेलें होतें, आणि त्याचें फळ मला नव्हे, माझ्या मुलीला भोगावें लागलें.

तो प्रसंग सांगतांना आजहि संकोच वाटतो. २००३ सालीं ती बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली. औषधनिर्माणशास्त्र शिकावें अशी तिची इच्छा होती. आमचें कुटुंब तेव्हां एकत्र होतें; दोघे भाऊ, त्यांचीं मुलें, वृद्ध आई. आदल्याच वर्षीं आम्हीं घरावर मजला चढविला होता आणि त्यांत घरची शिल्लक संपली होती. शुल्क भरण्यास आठ दिवसांची मुदत होती. मीं भविष्यनिर्वाह निधींतून उचल मागितली. ती हातीं येईपर्यंत मुदत टळून गेली. त्यांत कचेरीचा दोष नव्हता. अठरा वर्षें हातीं असतां आठ दिवसांवर भिस्त ठेवणारा मीच दोषी. मुलगी एक शब्दहि बोलली नाहीं. साधी पदवी घेऊन ती नोकरीस लागली. तिनें रागावून कांहीं बोलावें असें मला पुष्कळ दिवस वाटत होतें.

जन्मभर मीं मुलांना चक्रवाढ व्याज शिकविलें, तें स्वतःच्या घरांत मात्र शिकविलें नाहीं! एक साधें उदाहरण घ्या. एका गृहस्थानें मूल जन्मल्यापासून दरमहा ५०० रुपये बाजूस ठेवले आणि तें अठरा वर्षांचें होईपर्यंत क्रम सोडिला नाहीं. दुसऱ्यानें मूल बारा वर्षांचें झाल्यावर जागे होऊन दरमहा १५०० रुपये सहा वर्षें ठेवले. दोघांच्या खिशांतून गेलेले रुपये सारखेच, १,०८,०००. शेंकडा ७ दरानें, वर्षाची रक्कम वर्षअखेर जमा झाली असें धरून हिशेब केला, तर पहिल्याच्या हातीं सुमारें २,०४,००० रुपये येतात आणि दुसऱ्याच्या हातीं सुमारें १,२८,८००. पंचाहत्तर हजारांचा हा फरक केवळ काळानें दिला. शिवाय दुसऱ्यास तिप्पट भार सोसावा लागला, आणि तोहि शिकवणीवर्गांचा खर्च सुरू होतो त्याच वर्षांत.

विद्येसाठीं थोडें थोडें वेगळें काढण्याची ही रीत आपल्याकडे नवी नव्हे. चाळीसगांवाजवळ पाटण येथें शके ११२८ चा एक शिलालेख आहे. 'लीलावती'कार भास्कराचार्यांचा नातू चंगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून मठ स्थापिला, व निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्यास दान दिलें, अशी त्यांत नोंद आहे. लेखाचा शेवटचा भाग मराठींत आहे आणि मला तोच अधिक वाचनीय वाटतो. कारण तेथें सुवर्णाच्या राशी नाहींत, तर बाजारांत विकल्या जाणाऱ्या मालावरील हिस्सा व घाण्यामागें पळ्यांनीं मोजून द्यावयाचें तेल आहे. ग्रहगोलांचें गणित त्या तेलावर चाललें!

फार लांब जावयास नको. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेलीं कुटुंबें कल्याणजवळील लष्करी छावणींत उतरलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. त्याच वर्षीं सिंधी शिक्षणप्रेमी गृहस्थांनीं मुंबईंत हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड स्थापिलें, आणि आज उल्हासनगरांत त्यांचें महाविद्यालय आहे. डोक्यावर धड छप्पर नसतां ज्या समाजानें शाळा-कॉलेजांचा विचार केला, त्याच्या शेजारीं राहून आम्हीं मजले चढवीत बसलों.

कोणी म्हणतील, आतां सरकार शुल्क भरतें. तेंहि खरें. जुलै २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास प्रवर्गांतील, आठ लक्षांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलें. परंतु वसतिगृह, खाणावळ, पुस्तकें, गाडीचा पास हीं कोणी माफ केलेलीं नाहींत. कर्ज मिळतें, पण हप्ते जरी शिक्षणानंतर सुरू झाले, तरी व्याज बहुधा आधींपासूनच चढूं लागतें.

माझी मुलगी आतां अंबरनाथला असते. तिला २०१५ सालीं कन्या झाली. पुढच्याच वर्षीं तिनें पोस्टांत सुकन्या समृद्धीचें खातें उघडलें. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वीं तें उघडावें लागतें. पंधरा वर्षें भरणा करावयाचा, आणि मुलगी दहावी उत्तीर्ण झाली किंवा अठरा वर्षांची झाली कीं शिक्षणासाठीं निम्म्यापर्यंत रक्कम काढतां येते. बारशाला आलेल्या आहेराचीं पाकिटें तिनें प्रथम त्यांत भरलीं. सासूबाईंना तें प्रथम रुचलें नाहीं. आतां दिवाळीला त्याच आठवणीनें नातीच्या नांवें पैसे काढून ठेवतात.

परवां बदलापूरच्या त्या यजमानांचा फोन आला. मुलासाठीं असें कांहीं आहे काय, म्हणून विचारीत होते. मीं त्यांस सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीची माहिती दिली: अज्ञान मुलाच्या नांवें पालकास खातें उघडतां येतें, मुदत पंधरा वर्षांची, आणि सातव्या वर्षापासून कांहीं अंश काढतां येतो, म्हणजे यंदा आरंभ केला तर बटूची दहावी होईतों दार उघडेल. "आहेराची रक्कम अजून तशीच आहे," ते म्हणाले. किती, तें मीं विचारलें नाहीं. मुलाचा जन्मदाखला घेऊन सोमवारीं पोस्टांत या, मीहि येतों, एवढेंच सांगितलें.