जोडा आणि ओळंबा

हडपसरच्या गाडीतळावरून ज्ञानोबांची पालखी दिवेघाटाकडे वळते आणि तुकोबांची लोणीकडे सरळ जाते, हे येथील श्रोत्यांस सांगावयास नको. त्या गर्दीत रस्त्याच्या कडेला बसून वारकऱ्यांच्या वहाणा फुकट शिवून देणारे चर्मकार बांधव आम्ही पाहिले आहेत. एकाने वहाण हाती घेतली, उलटी केली आणि टाच कोणत्या अंगाने झिजली आहे ते आधी पाहिले. मग आरी उचलली. ही दृष्टी कशी घडते, हाच आमचा आजचा विषय. त्यासाठी थोडे दूर, इटलीत जावे लागेल.

साल्वातोरे फेरागामो हा पुढे राण्यांचे आणि नटनट्यांचे जोडे करणारा जगप्रसिद्ध कारागीर झाला. त्याचा जन्म १८९८ साली दक्षिण इटलीतील बोनितो या खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. चौदा भावंडांतला हा अकरावा. जोडे शिवण्याचा धंदा हलका, असे वडिलांचे मत. (आपल्याकडे या हलकेपणाभोवती जातीची भिंत आहे. तेथे ती नव्हती. तुच्छता मात्र होती.) तो नऊ वर्षांचा असताना बहिणीला चर्चमधील विधीसाठी पांढरे जोडे हवे होते आणि घरात पैसा नव्हता. पोराने गावच्या चांभाराकडून सामान मागून आणले व रात्रभर बसून जोडे तयार केले. मग वडिलांचा विरोध फारसा टिकला नाही. नेपल्सला उमेदवारी करून तो परतला आणि मिसरूड फुटण्यापूर्वीच घरात दुकान मांडून बसला.

पुढे तो भावांमागोमाग अमेरिकेस गेला. बोस्टनच्या कारखान्यातले यंत्राचे जोडे त्याला जड व ओबडधोबड वाटले. कॅलिफोर्नियात चित्रपटांसाठी बूट करताना त्याला एक कोडे पडले : जोडा देखणा असूनही पाय का दुखतो? ते सोडविण्यासाठी हा अल्पशिक्षित कारागीर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शरीररचनाशास्त्राच्या वर्गास जाऊन बसला! गवंड्याचा ओळंबा सोडावा तसा उभ्या माणसाचा भार पायाच्या कमानीवर उतरतो, असे त्याने ताडले. म्हणून त्याने जोड्याच्या मध्यभागी पोलादी पट्टी घालून कमानीला आधार दिला. १९२७ साली तो फ्लॉरेन्सला परतला, तो ही विद्या घेऊन.

आता आपल्याकडे पाहा. कोल्हापुरी वहाणेचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावतात. जोड खिळ्यावाचून, चामड्याच्या वादीने शिवतात. वेणी घालण्याचे नाजूक काम बहुधा घरातल्या बायका करतात आणि मूल ते पाहत पाहतच शिकते. उमेदवारी आहे, हात आहे. शरीरशास्त्राचा वर्ग तेवढा नाही, आणि ती उणीव कारागिराची खास नव्हे. २०१९ साली या वहाणेस भौगोलिक मानांकन मिळाले. तरी जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाने तशाच वहाणा मांडल्या, तेव्हा कोल्हापूरचे नाव घेतले नव्हते. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर प्राडाने मूळ कबूल केले. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला : येथील कारागिरांच्या हातचे २,००० जोड, किंमत सुमारे ८०० युरो. त्यात कारागिरांच्या प्रशिक्षणाचे कलमही आहे, आणि काहींना थोडे दिवस इटलीत शिकावयास मिळावे अशी योजना आहे. आम्हांला त्या करारात किमतीपेक्षा हे कलम मोलाचे वाटते. तेथे जाणाऱ्याने सोबत आपली रापी अवश्य न्यावी.