ई-मेलचे स्थलांतर : आधी प्रत, मग बदल

घर बदलताना दागिने आणि महत्त्वाची कागदपत्रे सामानाच्या गाडीत न टाकता स्वतःजवळ बाळगण्याची आपल्याकडे रीत आहे. संगणकावरील ई-मेलचा प्रोग्राम बदलताना मात्र ही दक्षता अनेकदा विसरली जाते. मुदत ठेवीची सूचना, कर्जमंजुरीचे पत्र, विम्याची पावती, परगावी असलेल्या मुलांची पत्रे असा वर्षानुवर्षांचा ऐवज तेथे साठलेला असतो.

बदलाची वेळ कधी ना कधी येतेच. आउटलुक एक्स्प्रेस ज्या विंडोज एक्सपीसोबत येई, त्या प्रणालीला मिळणारे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. विंडोज लाइव्ह मेलचे पाठबळ १० जानेवारी २०१७ रोजी, तर विंडोज १० मधील ‘मेल’चे ३१ डिसेंबर २०२४ रोजी थांबले.

पत्रे नेमकी कोठे असतात?

स्थलांतरापूर्वी आपले खाते ‘पॉप’ पद्धतीचे आहे की ‘आयमॅप’ पद्धतीचे, हे खात्याच्या सेटिंगमध्ये पाहावे. आयमॅप पद्धतीत पत्रे सेवादात्याच्या सर्व्हरवर राहतात. नव्या प्रोग्राममध्ये खाते जोडले की ती पुन्हा दिसू लागतात. पॉप पद्धतीत पत्रे संगणकावर उतरवली जातात आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय निवडलेला नसल्यास सर्व्हरवरून पुसली जातात. अशा वेळी घरच्या संगणकातील प्रत हीच एकमेव प्रत असते. आयमॅप वापरणाऱ्यांनीही ‘लोकल फोल्डर्स’ तपासावेत; त्यांतील पत्रे सर्व्हरवर नसतात.

स्थलांतराचा क्रम

सर्वप्रथम जुना प्रोग्राम पूर्ण बंद करून त्याच्या पत्रसंग्रहाची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी. आउटलुकमधील पॉप खात्याची पत्रे पी.एस.टी. फाइलमध्ये असतात, २००४ साली पहिली पूर्ण आवृत्ती आलेल्या थंडरबर्डमध्ये ती ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. प्रोफाइलमध्ये जतन केलेले पासवर्डही असू शकतात. म्हणून ही प्रत कपाटाच्या किल्लीइतकीच जपावी.

पत्त्यांची वही स्वतंत्रपणे सी.एस.व्ही. फाइलमध्ये काढावी. नावे देवनागरीत असतील तर ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा. अन्यथा नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटण्याचा संभव असतो.

यानंतर नवा प्रोग्राम बसवावा, परंतु जुना काढू नये. काही प्रोग्राम जुना प्रोग्राम त्याच संगणकावर असेल तरच त्यातील पत्रे आयात करू शकतात. पॉप खाते असल्यास नव्या प्रोग्राममध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय आरंभीच निवडावा.

ताळा जुळवावा

दिवसअखेर रोख मोजल्याशिवाय रोखपाल तिजोरी बंद करीत नाही. त्याच न्यायाने प्रत्येक फोल्डरमधील पत्रांची संख्या जुन्या व नव्या प्रोग्राममध्ये जुळवून पाहावी. सर्वांत जुने पत्र, सर्वांत नवे पत्र आणि जोडपत्र असलेली काही पत्रे प्रत्यक्ष उघडावीत. ‘पाठवलेली पत्रे’ हा फोल्डर विशेष पाहावा. आपण कोणाला काय कळवले होते, याचा पुरावा तेथेच असतो. स्वतःलाच एक पत्र पाठवून ये-जा सुरळीत असल्याची खात्री करावी. महिनाभर काही उणे भासले नाही, तरच जुना प्रोग्राम काढावा. बाह्य डिस्कवरील प्रत मात्र त्यानंतरही राहू द्यावी.

एक सावधगिरी

‘आपली मेलपेटी बंद होत आहे, स्थलांतरासाठी येथे पासवर्ड द्या’ अशा आशयाची पत्रे फसवणुकीसाठी पाठवली जातात. स्थलांतराचे काम आपल्या संगणकावर, आपल्या हाताने होते. त्यासाठी पत्रातील दुव्यावर पासवर्ड देण्याचे कारण नाही. ई-मेलच्या किल्लीने इतर अनेक खात्यांचे पासवर्ड बदलता येतात, हे ग्राहकांनी सदैव ध्यानात ठेवावे.

या साऱ्या कामाला एखाद्या रविवारची दुपार पुरते. गहाळ झालेले एकुलते एक पत्र परत मिळवण्यास मात्र कित्येकदा कोणताच उपाय उरत नाही.