गाडीची थरथर : आधी उगम शोधा, मग खर्च करा

रत्नागिरी शहर व परिसरात रिक्षा, जीप आणि भाड्याच्या मोटारींच्या आधारे आपल्या कितीतरी बांधवांची रोजी चालते. गॅरेज, टायर, वेल्डिंग, हूड आणि कुशनची कामे त्यावरच उभी आहेत. या सर्वांच्या दुकानात गिऱ्हाइकाची एक तक्रार कायम येते, ती म्हणजे “गाडी थरथरते, आवाज फार करते.” पुष्कळदा यावर अंदाजाने इलाज होतो. आज एक भाग बदलला, उद्या दुसरा, आणि आवाज जिथल्या तिथे. पैसे गेल्यावर गिऱ्हाईकही जाते. म्हणून हा विषय आम्ही जरा सविस्तर घेत आहोत.

मोटार उद्योगात आवाज व कंप ही स्वतंत्र शाखाच आहे. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत त्यासाठी वेगळा विभाग आहे. रस्त्यावरील आवाजाच्या चाचणीत गाडी ज्या रेषेवरून जाते तिच्यापासून साडेसात मीटरवर आणि जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर मायक्रोफोन ठेवतात व गाडी पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून त्यासमोरून नेतात. प्रवासी मोटारींना या चाचणीत १ एप्रिल २००५ पासून ७४ डेसिबलची मर्यादा लागू झाली. मात्र ही मर्यादा बाहेरच्या माणसाच्या कानासाठी आहे. आत बसणाऱ्याला किती हादरे बसतात, ते तिच्यात येत नाही.

अशा प्रयोगशाळेतील यंत्रे आपल्या गॅरेजला परवडणारी नाहीत, पण तेथील विचार करण्याची पद्धत फुकट आहे. गाडीतील प्रत्येक फिरणारा भाग आपापल्या गतीने फिरतो आणि त्याच गतीने हादरे देतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीचे उदाहरण घेऊ. ती सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. चाकाचा घेर १.८ मीटर धरला तर चाक सेकंदाला १२ वेळा फिरते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपमध्ये डिफरन्शियलचे प्रमाण चारास एक धरले तर प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला ४८-४९ फेरे घेतो. इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला ४२ फेरे होतात. म्हणजे थरथर सेकंदाला किती वेळा होते हे कळले की गुन्हेगार जवळजवळ सापडलाच. हल्ली मोबाइलवर कंप मोजणारे ॲप मिळते. फोन सीटवर किंवा गाडीच्या तळावर नीट टेकवून ठेवावा आणि आकडे शेजारी बसलेल्याने पाहावेत, चालकाने नव्हे.

फोन नसला तरी अडत नाही. गाडी जागेवर उभी करून, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये इंजिन हळूहळू रेस करावे. थरथर तेथेच आली तर चाके निर्दोष समजावीत आणि इंजिन, त्याची माउंटिंग व सायलेन्सर तपासावा. क्लच दाबताच आवाज बदलला तर क्लच किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे वळावे. जागेवर काहीच जाणवत नसेल तर गाडी रस्त्यावर न्यावी. हातखंब्याला हायवेला लागल्यावर ठरावीक वेगाला थरथर सुरू होते का ते पाहावे आणि तोच वेग ठेवून गिअर बदलावा. गिअर बदलूनही थरथर तशीच राहिली तर दोष चाकात किंवा शाफ्टमध्ये आहे, इंजिनात नाही. स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढची चाके. सीट व तळ थरथरत असेल तर मागची चाके किंवा शाफ्टचा क्रॉस. वळणावर गुणगुण वाढते किंवा कमी होते तेव्हा चाकाचे बेअरिंग संशयित असते, कारण वळताना बाहेरच्या चाकावर भार वाढतो. आणि डांबरीवरून काँक्रीटवर गेल्याबरोबर आवाज पालटला तर तो टायरचा आहे. तेथे इंजिन खोलणे म्हणजे गिऱ्हाइकाला बुडवणे.

असमतोल चाकाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० च्या वेगाला जो हादरा असतो तो ८० ला चौपट होतो. शहरात शांत वाटणारी गाडी हायवेवर का थरथरते, त्याचे उत्तर यात आहे.

रिक्षाची गोष्ट निराळी. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच ठोका पडतो. आयडलिंगला मिनिटाला १,२०० फेरे धरले तर सेकंदाला १० ठोके झाले. रबरी माउंटिंग कंप अडवते, पण तिच्या स्वतःच्या डुलण्याच्या गतीपेक्षा बरेच जलद असणारे कंपच. इतके संथ ठोके तिला नीट अडवता येत नाहीत, म्हणून स्टँडवर उभी असलेली रिक्षा धावत्या रिक्षेपेक्षा जास्त थरथरते. बसलेल्या माणसाच्या शरीराला सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारे उभे हादरे सर्वांत जास्त बाधतात. खराब रस्ता आणि बसकी सीट नेमके तेच देतात. दिवसभर गाडीवर बसणाऱ्याच्या कमरेला याची किंमत मोजावी लागते.

माउंटिंगचे रबर जुने झाले की कडक होते, आणि कडक रबर कंप अडवण्याऐवजी पुढे ढकलते. बाजारात मिळणारी दगडासारखी घट्ट नक्कल टिकते खरी, पण सगळी थरथर चासीत उतरवते. जुन्या टायरचा तुकडा कापून बसवण्याच्या युक्तीचेही तेच. चांगल्या कारागिराने हे काम करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता हूड व कुशनच्या कारागिरांसाठी. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो. ७० डेसिबलचे दोन आवाज मिळून १४० नव्हे, ७३ होतात. उलट, दोन सारख्या आवाजांपैकी एक पूर्ण बंद केला तरी फक्त ३ डेसिबल उतरतात, आणि ते कानाला जेमतेम कळतात. म्हणून सर्वांत मोठा आवाज आधी धरायचा. फोम आवाज शोषतो, पण अडवत नाही. अडवायला वजन लागते. पत्रा बोटाने ठोकून पाहा. टणत्कार आला तर त्याच्या मधल्या भागावर डँपिंग शीट चिकटवावी. सगळा पत्रा मढवायची गरज नसते. मात्र इंजिन आणि केबिन यांमधील पत्र्याची भोके, केबलभोवतीची रबरे आणि दरवाजांची रबरे आधी पाहावीत. क्षेत्रफळाच्या एक टक्का फट राहिली तरी बाकीचा पत्रा कितीही जाड असो, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि त्यात समुद्राची खारी हवा. तळाला फेल्ट किंवा स्पंज अंथरला तर तो पाणी धरून ठेवतो आणि तळ गंजतो. तेथे पाणी न पिणारीच वस्तू वापरावी. सायलेन्सरजवळ फोम कधीही लावू नये, आगीचा धोका आहे.

सायलेन्सर कापून किंवा आतील जाळी काढून देण्याची मागणी तरुण गिऱ्हाइके करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आवाजाचे मानक मोडून गाडी चालवणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात; शिवाय तीन महिने लायसन्स धारण करता येत नाही. शे-दोनशेच्या वेल्डिंगसाठी गिऱ्हाइकाला या भानगडीत घालण्यापेक्षा काम परत पाठवलेले बरे. गंजून भोक पडलेला सायलेन्सर व त्याची लोंबती रबरे मात्र पावसाळा संपताच तपासून घ्यावीत.